ॲल्युमिनियमच्या चौकटींचे उष्णता निरोधन

खिडक्या व दारे यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटींतून होणारे उष्णतेचे वहन कमी करण्याच्या क्रियेस व त्यासाठी योजलेल्या रचनांस ही संज्ञा लावतात. चौकटीच्या बाहेरील व आतील धातुभागांमध्ये उष्णतेचा मंदवाहक असलेल्या पदार्थाची पट्टी घालून धातूची सलगता तोडणे, ही यातील मुख्य कल्पना होय. व्यवसायात या रचनेला ‘थर्मल ब्रेक’ असे म्हणतात. प्रस्तुत नोंदीत पट्टीला रोधपट्टी व अशा चौकटीला खंडित चौकट म्हटले आहे. जिच्यात अशी पट्टी नसते ती सलग चौकट होय.

कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांतील खिडक्या सागवानी असत. जाड भिंतीत बसविलेली लाकडी चौकट, तीत उभे लोखंडी गज आणि फळ्यांच्या झडपा अशी त्यांची रचना असे. दुपारी झडपा लावून घेतल्या की ऊन व झळ दोन्ही बाहेर राहत, मात्र त्याबरोबर उजेडही बाहेरच राही. सागवान महाग झाल्यावर प्रथम लोखंडी कोनपट्ट्यांच्या खिडक्या आल्या. पश्चिमेकडील तालुक्यांच्या दमट हवेत त्या गंजत, म्हणून पुढे त्यांची जागा ॲल्युमिनियमने घेतली. हा धातू गंजून झडत नाही, वाळवी त्याला लागत नाही, पावसाने तो फुगत नाही आणि रंगाचा खर्चही वारंवार करावा लागत नाही. ॲल्युमिनियमची दारे, खिडक्या व झरोके यांसाठी भारतीय मानक १९४८ हे १९६१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. घराघरांत मात्र सरकत्या खिडक्यांचा प्रसार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला.

या धातूचे मूळ द्रव्य कोल्हापूरला परके नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावरील सड्यांवर जांभ्या खडकाच्या थरात बॉक्साइट आढळते. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडी व चंदगड तालुक्यातील कासारसडा येथे त्याच्या खाणी असून बेळगाव येथील कारखान्यात बॉक्साइटापासून अल्युमिना तयार केले गेले आहे. अल्युमिनापासून विद्युत् विच्छेदनाने १ किग्रॅ. धातू मिळविण्यास सु. १३ ते १५ किलोवॉट-तास वीज लागते. या विजेचा भार चौकट वापरात येण्यापूर्वीच तिच्यावर पडलेला असतो, ही गोष्ट उष्णतेच्या बचतीचा हिशेब मांडताना सहसा विसरली जाते. [⟶ ॲल्युमिनियम].

उष्णतेचा मार्ग : चौकटीसाठी मॅग्नेशियम व सिलिकॉन यांची अल्पशी भर असलेली मिश्रधातू वापरतात. तापवून मऊ केलेला धातूचा गोळा साच्याच्या छिद्रातून दाबाने बाहेर काढून (बहिःसारणाने) तिचे पोकळ, खाचा व पाळी असलेले लांब नळे तयार करतात. फॅब्रिकेटर मंडळी त्यांना ‘सेक्शन’ म्हणतात. या मिश्रधातूची उष्णता संवाहकता मीटरला व अंशाला १६० ते २०० वॉट असते. तुलनेसाठी पोलादाची सु. ५०, काचेची सु. १, सागवानासारख्या लाकडाची ०·१३ ते ०·१८, कठीण पीव्हीसीची ०·१७ व स्थिर हवेची ०·०२५ आहे. म्हणजे लाकडाच्या मानाने ॲल्युमिनियम सु. हजारपट अधिक उष्णतावाहक ठरते.

यावरून ॲल्युमिनियमची चौकट लाकडी चौकटीपेक्षा हजारपट उष्णता आत सोडते असा समज होणे साहजिक आहे. परंतु तो बरोबर नाही. चौकटीच्या आतील व बाहेरील पृष्ठांना लागून हवेचे पातळ, जवळजवळ स्थिर थर असतात आणि त्यांचाही उष्णतेला विरोध होतो. हिशेबासाठी आतील थरातून चौरस मीटरला व अंशाला ८ वॉट आणि वाऱ्यामुळे पातळ झालेल्या बाहेरील थरातून २३ वॉट उष्णता जाते, असे धरतात. धातूचा विरोध शून्य मानून केवळ हे दोन थर हिशेबात घेतले, तर चौकटीची उष्णता पारगम्यता (१ चौ. मी. क्षेत्रातून १° से. तापमानभेदाला जाणारी उष्णता, व्यवहारात ‘यू-मूल्य’) सु. ५·९ वॉट येते. सलग ॲल्युमिनियम चौकटींची मोजलेली मूल्ये ६ च्या आसपास व त्याहून काहीशी अधिकच असतात. याचा अर्थ, अशा चौकटीत धातूचा म्हणून विरोध नसतोच. विरोध असतो तो हवेचा. चौकटीला आतल्या बाजूने जितक्या पाळी व कंगोरे अधिक, तितके हवेला लागणारे पृष्ठ वाढते व पारगम्यताही वाढते. लाकडी चौकटीचे यू-मूल्य तिच्या जाडीनुसार सु. २ च्या आसपास असते. फरक हजारपटीचा नसून तिपटीचा आहे.

पोकळी भरण्याचा गैरसमज : सलग चौकटीच्या पोकळीत फोम भरला की ती उष्णतारोधक होते, असे पुष्कळदा सांगण्यात येते आणि त्यासाठी गिऱ्हाइकाकडून जादा पैसेही घेतले जातात. या उपायाचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक आहे. ५० मिमी. खोलीच्या सेक्शनमध्ये बाहेरील व आतील पत्रे जोडणाऱ्या १·२ मिमी. जाडीच्या दोन भिंती असतील, तर १ मी. लांबीच्या चौकटीत या भिंतींमधून अंशाला सु. ७·७ वॉट उष्णता वाहू शकते. मधल्या पोकळीतील हवेतून जाऊ शकणारी उष्णता अंशाला ०·१ वॉटच्या आसपासच असते. फोम भरून यातील अर्धी उष्णता वाचली, तरी एकूण वहनात एक टक्काही फरक पडत नाही. दाराला सताड उघडा मार्ग असताना किल्लीचे भोक बुजवावे, तसा हा प्रकार होय. चौकट ठोकली असता येणारा पोकळ आवाज फोमने कमी होतो, हा त्याचा एक खरा गुण आहे.

रोधपट्टी : वरील हिशेबातच उपायाची दिशा दडलेली आहे. भिंतींतील धातू मध्येच तोडून त्या जागी २ मिमी. जाडीच्या व २४ मिमी. रुंदीच्या दोन पॉलिअमाइडाच्या पट्ट्या घातल्या, तर त्यांमधून मीटरला व अंशाला ०·०५ वॉट उष्णता जाईल. धातूच्या मानाने हा आकडा दीडशेपटीने लहान आहे. पट्ट्यांमधून जाणारी उष्णता इतकी घटल्यावर त्यांच्यामधील पोकळीतून अभिसरण व प्रारण यांनी जाणारी उष्णता प्रथमच लक्षात घेण्याजोगी ठरते. म्हणून खंडित चौकटीत या पोकळीत फोम घालणे उपयुक्त असते. तोच फोम सलग चौकटीत निरुपयोगी व खंडित चौकटीत गुणकारी का, याचे कारण असे आहे.

पट्टीच्या रुंदीप्रमाणे यू-मूल्य उतरत जाते. सलग चौकटीतील ६ च्या आसपासचे मूल्य १४–१५ मिमी.च्या पट्टीने ३·५ च्या जवळपास, २४ मिमी.च्या पट्टीने २·२ ते २·८ पर्यंत आणि ३४ मिमी. वा त्याहून रुंद पट्टी व मध्ये फोम यांनी १·५ च्या घरात आणता येते. पहिल्या काही मिलिमीटरांचा लाभ सर्वांत मोठा असतो, पुढे तो घटत जातो.

या पट्टीसाठी कोणतेही प्लॅस्टिक चालत नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर १° से.ला व मीटरला ०·०२३ मिमी. प्रसरण पावते. पट्टीचे प्रसरणही याच सुमाराचे असावे लागते, नाहीतर रोजच्या ऊन-सावलीत दोन्ही एकमेकांवर घासून सांधा ढिला होतो. नायलॉनाच्या वर्गातील पॉलिअमाइड–६६ मध्ये सु. २५ टक्के काचतंतू मिसळले असता प्रसरण ॲल्युमिनियमच्या जवळ येते, ताकद वाढते आणि उष्णता संवाहकता मात्र ०·३ च्या आसपासच राहते. या प्लॅस्टिकाचा वितळबिंदू सु. २६०° से. असल्याने पट्टीसह जोडलेला सेक्शन पावडर रंगाच्या १८०° ते २००° से. तापमानाच्या भट्टीतून सुखरूप बाहेर पडतो. पीव्हीसीची पट्टी स्वस्त पडते व तिची संवाहकता पॉलिअमाइडापेक्षाही कमी असते. तथापि तिचे प्रसरण ॲल्युमिनियमच्या सु. तिप्पट असून ८०° से.च्या सुमारास ती मऊ होते. उन्हात तापणाऱ्या गडद चौकटीत ती काही वर्षांत आकसते, सांध्यांतून पाणी झिरपू लागते व काचेचे वजन पेलण्याची चौकटीची शक्ती कमी होते. बाजारात दोन्ही पट्ट्या काळ्या रंगाच्या व दिसायला सारख्या असतात. शंका असल्यास पट्टीचा तुकडा काही मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावा : पीव्हीसी लोळागोळा होते, काचतंतुयुक्त पॉलिअमाइड ताठ राहते.

जोडण्याची रीत अशी : बाहेरील व आतील सेक्शन स्वतंत्रपणे बहिःसारित करतात. त्यांच्या समोरासमोरील खाचांच्या आतील कडांवर दातेरी चाक फिरवून बारीक दाते पाडतात, खाचांत पट्ट्या सरकवितात व नंतर रुळांच्या दाबाने खाचेची पाळी पट्टीवर घट्ट वळवितात. दाते पट्टीत रुतल्यामुळे दोन्ही भाग एकसंध वागू लागतात. यूरोपीय मानकानुसार (ईएन १४०२४) हा सांधा लांबीच्या दर मिलिमीटरला किमान २४ न्यूटन कातर-प्रेरणा सोसणारा असावा लागतो. दाते न पाडता नुसती पट्टी दाबून बसविलेला सांधा ही कसोटी उतरत नाही. अमेरिकेत रूढ असलेल्या दुसऱ्या रीतीत सेक्शनच्याच खोल खाचेत द्रवरूप पॉलियुरेथेन ओततात. ते घट्ट झाल्यावर खाचेचा धातूचा तळ करवतीने कापून काढतात व त्यामुळे धातूची सलगता तुटते.

या तंत्राचा मोठा प्रसार १९७३ च्या खनिज तेल टंचाईनंतर झाला. जर्मनीत इमारतींच्या उष्णता संरक्षणाविषयीचा अधिनियम १९७७ मध्ये अंमलात आला. कडाक्याच्या थंडीत सलग चौकटीच्या आतल्या बाजूस पाणी सुटून भिंतींवर बुरशी येई, हेही एक कारण होते. थोडक्यात, हे तंत्र थंड देशांत, घरातील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून जन्मास आले. ते कोल्हापुरास जसेच्या तसे लागू करता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

कोल्हापूरच्या हवामानातील हिशेब : कोल्हापूर १६° ४२′ उ. अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर वसले आहे. एप्रिलमध्ये दुपारचे तापमान ३७° से.च्या सुमारास जाते, पावसाळा लांब व दमट असतो आणि हिवाळ्यातील पहाटही १४°–१५° से.च्या खाली फारशी उतरत नाही. १·२ मी. × १·५ मी. मापाची, म्हणजे १·८ चौ. मी. क्षेत्राची खिडकी घेऊ. तिच्यातील एक पंचमांश क्षेत्र (०·३६ चौ. मी.) चौकटीचे व उरलेले १·४४ चौ. मी. काचेचे आहे. बाहेर ३७° व वातानुकूलित खोलीत २६° से. असताना यू-मूल्य ६ असलेल्या सलग चौकटीतून सु. २४ वॉट उष्णता आत येईल आणि यू-मूल्य २·८ असलेल्या खंडित चौकटीतून ११ वॉट. बचत १३ वॉटची. याच वेळी खिडकी पश्चिमेकडे असून तिच्यावर चौरस मीटरला ५०० वॉट ऊन पडत असेल, तर साध्या एकपदरी काचेतून सु. ५९० वॉट उष्णता थेट आत येते. या आकड्यापुढे १३ वॉटचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको.

आता वर्षाचा हिशेब पाहू. उन्हाळ्याचे ९० दिवस रोज ८ तास वातानुकूलन चालले व सर्व वेळ तापमानभेद ११° से. होता असे मानले (हे उदारपणे मानणे झाले), तरी वाचणारी उष्णता सु. ९ किलोवॉट-तास भरते. वातानुकूलक १ एकक विजेत ३ एकके उष्णता बाहेर टाकतो, हे ध्यानात घेता विजेची बचत ३ एककांची होते. खंडित चौकटीची जादा किंमत या बचतीतून चौकटीच्या आयुष्यात भरून निघणे शक्य नाही. लेहसारख्या ठिकाणी चित्र पालटते. तेथे हिवाळ्यातील रात्री बाहेर −१५° व आत १८° से. असेल, तर त्याच सलग चौकटीतून ७१ वॉट उष्णता अहोरात्र वाहते.

चौकटीवर पडणाऱ्या उन्हाचा विचार निराळा करावा लागतो, कारण चौकट तापमानभेदामुळे तशीच स्वतः ऊन शोषूनही उष्णता आत देते. गडद तपकिरी रंगाची चौकट तिच्यावर पडलेल्या उन्हाचा सु. ०·७ भाग शोषते. सलग असल्यास त्यातील सु. ३३ वॉट वरील उदाहरणात खोलीत पोहोचतात. खंडित चौकट घेतल्यास हा आकडा १५ वर येतो. परंतु सलग चौकटच पांढऱ्या रंगाची (शोषण ०·३) असेल, तर तो १४ होतो. म्हणजे उन्हापुरता विचार केल्यास पांढरा रंग व रोधपट्टी यांचा परिणाम सारखा असून रंगाला वेगळा खर्च येत नाही. गडद रंगाच्या चौकटींची आवड वाढली असताना ही गोष्ट आवर्जून नमूद करण्याजोगी आहे.

पश्चिमेचे ऊन छज्जाने अडत नाही. कोल्हापुरात याचा दाखला शोधण्यास दूर जावे लागत नाही. अंबाबाईच्या मंदिरात नोव्हेंबर महिन्यात व जानेवारीअखेरीस होणाऱ्या किरणोत्सवात मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात. तेथे जे भक्तांच्या आनंदाचे कारण असते, तेच पश्चिमाभिमुख दिवाणखान्यात एप्रिलच्या संध्याकाळी तापदायक ठरते. अशा खिडकीला बाहेरून उभे पडदे, लाकडी वा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची झडप किंवा वेलींचा मांडव लागतो. आतून लावलेल्या पडद्याने बरीचशी उष्णता आधीच खोलीत आलेली असते.

फटींचा हिशेबही चौकटीच्या हिशेबाआधी केला पाहिजे. सरकत्या खिडकीत दोन शटरे एकमेकांवर येतात त्या उभ्या सांध्यात व वरच्या-खालच्या ट्रॅकमध्ये ब्रशची पट्टी असते. ती झिजली वा धुळीने चिकटली की वारा आत शिरतो. तासाला १० घ. मी. हवा जरी शिरली, तरी ११° से. फरकाला ३६ वॉट उष्णता येते, म्हणजे सबंध सलग चौकटीतून येते त्याहून अधिक. पावसाळ्यात या हवेबरोबर बाष्पही येते व ते काढण्याचा भार वातानुकूलकावर निराळा पडतो. बिजागरीवर उघडणाऱ्या शटरात चौफेर रबराची पट्टी दाबली जाते, त्यामुळे हवाबंदपणात ते सरकत्या शटरापेक्षा केव्हाही सरस असते. जुन्या खिडक्यांच्या बाबतीत ब्रश व रबर बदलणे, कोपरे सिलिकॉनने बुजविणे आणि बाहेरील सावली एवढ्यानेच साध्य होण्याजोगे बहुतेक सर्व साध्य होते. आतल्या बाजूने चौकटीला चिकटविलेली फोमची वा लाकडाची पट्टीही हवेच्या थराला जोड देऊन थोडे काम करते. मात्र ती सर्व उघड्या पृष्ठावर नीट बसली पाहिजे.

काच व चौकट यांचा मेळ : दुपदरी काच घेतल्यावर चौकटीचे महत्त्व वाढते. वरील खिडकीत एकपदरी काच व सलग चौकट असता एकूण यू-मूल्य सु. ५·८ येते. मध्ये १२ मिमी. हवा असलेली दुपदरी काच (२·८) घातल्यास सलग चौकटीसह ते ३·५ व खंडित चौकटीसह ३·० होते. प्रारणरोधी लेप व आर्गॉन वायू असलेली काच (१·३) घेतल्यास सलग चौकटीसह २·४ व खंडित चौकटीसह १·९ मिळते. दोन काचांमध्ये कडेला असणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून होणारे वहनही या आकड्यांत धरले आहे. शेवटच्या जोडीत पाचव्या हिश्श्याची चौकट सलग ठेवल्याने एक चतुर्थांश अधिक उष्णता जाते, हे दिसून येईल. उलट, एकपदरी काचेला खंडित चौकट जोडणे म्हणजे फाटक्या छत्रीला चांदीची मूठ लावण्यासारखे आहे.

भारतात विद्युत् भार १०० किलोवॉट वा त्याहून अधिक असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संरक्षण इमारत संहिता तयार करण्यात आली. तिच्या २०१७ च्या आवृत्तीत खिडकीचे एकूण यू-मूल्य ३·० पेक्षा अधिक नसावे, असे बंधन घातले होते. उष्ण प्रदेशांत उत्तरेखेरीज अन्य दिशांच्या खिडक्यांतून उन्हाच्या सु. एक चतुर्थांशच (०·२७) उष्णता आत यावी, असेही तीत म्हटले होते. साध्या दुपदरी काचेसह सलग चौकट पहिल्या कसोटीला उतरत नाही, खंडित चौकट जेमतेम उतरते. निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत प्रत्येक खिडकीचे बंधन न घालता सबंध बाह्यभिंतीतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा (चौरस मीटरला १५ वॉट) ठरविण्यात आली. भिंत, काच, सावली व दिशा यांचा एकत्रित विचार करणारी ही पद्धत आपल्या हवेला अधिक योग्य होय.

दव : यूरोपात चौकटीच्या आतल्या बाजूला दव सुटते, कोल्हापुरात पावसाळ्यात ते बहुधा बाहेरच्या बाजूला सुटते. जुलैमध्ये बाहेर २७° से. व ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना दवबिंदू सु. २५·२° से. असतो. खोली २२° वर ठेवल्यास सलग चौकटीचे बाहेरील पृष्ठ २५·७° च्या आसपास राहते व पाणी सुटत नाही. वातानुकूलकाचा १६°–१७° चा झोत थेट चौकटीवर येत असेल, तर पृष्ठ २४·५° च्या खाली उतरून ती ठिबकू लागते. अशा वेळी चौकट बदलण्यापेक्षा झोताची दिशा बदलणे श्रेयस्कर. हिवाळ्यात पहाटे बंद खोलीत आत २२° व ७० टक्के आर्द्रता, बाहेर १४° असेल, तर आतील पृष्ठ दवबिंदूच्या (१६·३°) किंचित खाली जाते. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांच्या चौकटींवर सकाळी दिसणारा ओलावा यामुळे असतो. [⟶ आर्द्रता].

शीतगृहांत मात्र हा प्रश्न गंभीर होतो. दूध, भाजीपाला व औषधे साठविण्याच्या खोल्या ४° से. तापमानाला ठेवतात. त्यांच्या दाराला सलग ॲल्युमिनियमची चौकट असेल, तर आडोशातील स्थिर हवेत तिचे बाहेरील पृष्ठ १५°–१६° वर येते आणि पावसाळ्यात त्यावरून दिवसभर पाणी वाहते. उंबऱ्यापाशी फरशी निसरडी होते व कोपऱ्यांत बुरशी धरते. पृष्ठ दवबिंदूच्या वर ठेवण्यासाठी येथे यू-मूल्य ०·६ च्या सुमारास असावे लागते. इमारतीच्या खिडकीसाठी केलेली उत्तम खंडित चौकटही सहसा तेथवर पोहोचत नाही. म्हणून शीतगृहाची दारे पॉलियुरेथेनच्या जाड गाभ्याची व चौकटी प्लॅस्टिकाच्या करतात, ॲल्युमिनियम केवळ बाहेरील आवरणापुरते ठेवतात व गोठण-तापमानाच्या खोल्यांत रबरपट्टीच्या मागे तापणारी तार बसवितात. चोवीस तास वातानुकूलित असणारी शस्त्रक्रियागृहे व संगणककक्ष ही मधल्या पायरीवर येतात. तेथे खंडित चौकट खर्चाला पुरेपूर उतरते.

दारांतील बाक : खंडित चौकटीत बाहेरील व आतील धातू वेगवेगळ्या तापमानांना राहतात. पश्चिमेकडील गडद दाराचे बाहेरील अंग ५५° व आतील २८° असेल, तर २·४ मी. उंचीच्या बाहेरील उभ्या दांड्याची लांबी आतील दांड्यापेक्षा दीड मिलिमीटरने वाढू पाहते. दोन्ही अंगे ६० मिमी. अंतरावर पूर्ण घट्ट जखडलेली असल्यास दार मध्यभागी ७ मिमी. पर्यंत बाहेर फुगेल. सकाळी सहज लागणारे कुलूप दुपारनंतर लागत नाही, अशी तक्रार येते तिचे मूळ बऱ्याचदा येथे असते. त्यासाठी उंच दारांत लांबीच्या दिशेने थोडी सरकू शकणारी विशेष पट्टी वापरतात किंवा फिका रंग निवडतात. दाराचा उंबरा हाही दुबळा भाग होय. शटर व उभे दांडे खंडित असून खालचा ट्रॅक सलग ठेवल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात. तसेच कुलपाचे पोलादी स्क्रू पट्टी ओलांडून दोन्ही धातूंत शिरले, तर तेवढ्या जागी सांधा पुन्हा जोडला जातो.

बसविणे व निगा : चौकट व भिंत यांमधील फट कोल्हापुरात परंपरेने सिमेंटच्या मालाने भरतात. ओल्या सिमेंटमधील अल्कलीमुळे ॲल्युमिनियमवर डाग पडतात व माल तडकल्यावर तेथूनच पाऊस आत येतो. गगनबावड्यासारख्या भागात, जेथे वर्षाला ५,००० मिमी.च्या वर पाऊस पडतो, ही चूक महागात पडते. फटीत फोम व बाहेरून सिलिकॉन ही रीत उष्णता व पाणी या दोहोंच्या दृष्टीने बरी. खालच्या ट्रॅकमधील पाणी जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावी लागतात. खंडित चौकटीत ती पट्टीच्या बाहेरील कप्प्यातच हवीत, आतील कप्प्यात पडली तर तेथे बाहेरची हवा खेळू लागते व पट्टीचा उपयोग राहत नाही.

पंचगंगेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत शहराच्या सखल भागांतील घरे कित्येक दिवस पाण्याखाली होती. अशा प्रसंगी लाकडी व प्लायच्या चौकटी फुगतात, ॲल्युमिनियमच्या टिकतात. पॉलिअमाइडाची पट्टी थोडे पाणी शोषते, परंतु वाळल्यावर पूर्ववत होते. धोका असतो तो दुपदरी काचेला. तिच्या कडेचे लुकण साचलेल्या पाण्यात दीर्घकाळ राहण्यासाठी केलेले नसते. ते सुटल्यास काचांच्या मध्ये धुके धरते व मग ती काच बदलावीच लागते. ट्रॅकमधील गाळ सुकण्यापूर्वी धुऊन काढणे व छिद्रे तारेने मोकळी करणे ही पूर ओसरल्यानंतरची पहिली कामे होत.

चौकट मोडीत काढल्यावर ॲल्युमिनियम पुन्हा वितळवून वापरता येते व त्यास मूळ उत्पादनाच्या सु. ५ टक्केच ऊर्जा लागते. सलग चौकटीची मोड थेट भट्टीत जाऊ शकते. खंडित चौकटीतील पट्टी आधी वेगळी करावी लागते, अन्यथा धूर होतो व धातूचा काही अंश जळून वाया जातो. मोठ्या केंद्रांत चौकटींचा भुगा करून प्लॅस्टिक व धातू यंत्राने अलग करतात. लहान भंगार व्यवसायात अशी सोय नसल्याने पट्टी असलेल्या मोडीला सलग मोडीपेक्षा कमी भाव येतो.